कपाटातील हाडांचा हिशेब

लुप्त झालेल्या एखाद्या प्राण्याची नवी जाती सापडल्याची वार्ता वृत्तपत्रात येते, तेव्हा वाचकाच्या डोळ्यांपुढे बहुधा कुदळ-फावड्याचे चित्र उभे राहते. कोठेतरी माळावर खणती चालली आहे, मातीतून प्रचंड जबडा वर येत आहे आणि भोवतालची मंडळी थक्क झाली आहेत! वस्तुस्थिती याहून पुष्कळ निराळी आहे. प्राणी सापडतो एका साली, ओळखला जातो दुसऱ्याच साली, आणि मधली वर्षे त्याने कोठल्यातरी सरकारी कपाटात काढलेली असतात. या मधल्या वर्षांचे मोल कोणी करीत नाही, अशी प्रस्तुत लेखकाची तक्रार आहे.

उदाहरण आपल्या शेजारच्या गुजरातचे आहे. तेथे धोली डुंगरी या गावी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील धनंजय मोहबे यांना डायनोसॉरची अंडी व त्यांच्यालगत काही नाजूक हाडे एकाच खडकात मिळाली. अंड्याजवळची हाडे ती पिल्लाचीच, असा तर्क करून १९८७ साली त्यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. तर्क सयुक्तिक होता, परंतु अपुरा होता. २००१ साली मिशिगन विद्यापीठाचे जेफ्री विल्सन यांनी तो दगड पाहिला आणि त्यातील काही मणके त्यांना वेगळे वाटले. सापाच्या मणक्यांना इतर प्राण्यांत क्वचितच आढळणारा जादा सांधा असतो. एका मणक्याची पाचर दुसऱ्याच्या खाचेत बसते. ती पाचर आणि ती खाच येथे स्पष्ट दिसत होती. पुढे रीतसर करार झाला, दगड काळजीपूर्वक साफ केला गेला, मूळ जागी पुन्हा पाहणी झाली आणि २०१० च्या मार्चमध्ये 'सानाजेह इंडिकस' हे नाव जगापुढे आले. सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप, फुटलेल्या अंड्याभोवती घातलेले वेटोळे, शेजारी अर्धा मीटर लांबीचे पिल्लू, आणि हे सारे ६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वी अकस्मात गाळाखाली गाडले गेलेले. या सापाचा जबडा आजच्या अजगरासारखा फाकत नव्हता. त्यामुळे अंडी गिळण्यापेक्षा नुकतीच बाहेर पडलेली पिल्लेच त्याचे भक्ष्य असावीत, असे अनुमान अभ्यासकांनी काढले.

येथे १९८७ च्या चुकीबद्दल कोणी नाक मुरडण्याचे कारण नाही. स्वतः मोहबे २०१० च्या निबंधाचे एक लेखक आहेत, ही गोष्ट शास्त्राला आणि त्यांना दोघांनाही भूषणावह आहे. परंतु ही दुरुस्ती शक्य झाली ती एवढ्यासाठीच की, तो दगड शाबूत होता आणि तो कोठून आणला याची नोंद होती. नव्या जातीचे नाव हे काही हवेत ठेवलेले नसते. ते एका विशिष्ट नमुन्याला बांधलेले असते. उद्या कोणी शंका घेतली तर त्याला त्या हाडाकडेच परत गेले पाहिजे. हाड हरवले की वाद मिटविण्याचे साधनच हरवले.

आणि हाडे हरवतात! ठगांच्या बंदोबस्तामुळे आपल्याला ठाऊक असलेल्या स्लीमन यांना १८२८ साली जबलपूर येथे काही मणके मिळाले. 'डायनोसॉर' हा शब्द जन्माला यायला तेव्हा आणखी चौदा वर्षे अवकाश होता. १८७७ मध्ये लायडेकर यांनी त्यांवरून 'टायटॅनोसॉरस इंडिकस' ही जाती कायम केली. त्यानंतर मूळ नमुना असा दिसेनासा झाला की, शंभराहून अधिक वर्षे त्याचा पत्ता नव्हता. दरम्यान २००३ साली विल्सन आणि अपचर्च यांनी, त्या मणक्यांची लक्षणे इतर अनेक प्राण्यांत आढळत असल्याने हे नाव टिकणारे नाही, असा निर्वाळा दिला. त्याच निबंधात आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावच्या प्राण्याला 'आयसिसॉरस' हे स्वतंत्र नाव मिळाले. ते इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून ठेवलेले आहे. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचे गणित मांडणाऱ्या महालनोबिसांच्या संस्थेत जीवाश्मांचाही अभ्यास व्हावा, याचे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला नवल वाटते खरे; पण मोजमापाची आवड असलेल्या माणसाला हाड आणि हेक्टरी उत्पन्न यांत फारसे अंतर वाटत नसावे. असो. जबलपूरचा हरवलेला मणका अखेर २०१२ साली मिळाला. कोठे, तर कोलकात्यातील भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या स्वतःच्याच संग्रहात!

आता या व्यवहाराकडे आमच्या शास्त्राच्या चष्म्यातून पाहू. नमुना सांभाळण्याचा खर्च दरवर्षी होतो आणि फळ केव्हा मिळेल ते सांगता येत नाही. वार्षिक १० टक्के दराने हिशेब केला तर २३ वर्षांनी मिळणाऱ्या रुपयाची आजची किंमत सुमारे ११ पैसे भरते. या गणिताने धोली डुंगरीचा दगड केव्हाच फेकून द्यायला हवा होता. म्हणजे गणित चुकीचे आहे असे नव्हे. ते या कामासाठी नाही, इतकेच. ज्या वस्तूचे ज्ञान सर्वांचे होते आणि जिचा बाजारभाव नसतो, ती खाजगी हिशेबावर सोडता येत नाही, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या वर्गातच शिकवतो.

ज्या देशात शाळांना खोल्या पुरत नाहीत तेथे हाडांसाठी कपाटे कशाला, हा आक्षेप घेणारे लोक अप्रामाणिक नाहीत. पण येथे मागणे राजवाड्यांचे नाही. कच्छमधील पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीत २००५ साली मिळालेले २७ मणके आधी मगरीचे समजले गेले होते. २०२४ मध्ये रुडकीच्या संशोधकांनी ते 'वासुकी इंडिकस' या अजस्र सापाचे असल्याचे दाखविले. तेव्हा ते कोणी उचलून जपले नसते, तर आज त्यांचा मागमूसही उरला नसता.

केंद्र शासनाच्या खाण मंत्रालयाने २०२२ च्या डिसेंबरमध्ये भूवारसा-स्थळे व भू-अवशेष यांच्या रक्षणाच्या विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. सारे अधिकार एकाच खात्याच्या हाती एकवटतील, अशी भीती काही शास्त्रज्ञांनी तेव्हा व्यक्त केली, आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही. स्थळांना कुंपण घालणे सोपे आहे. त्यापेक्षा विद्यापीठांच्या व महाविद्यालयांच्या भूशास्त्र विभागांत पडून असलेल्या नमुन्यांची, चिठ्ठ्या गळून पडण्यापूर्वी, एक सामाईक नोंदवही करावी, प्रत्येकाला क्रमांक द्यावा, ती कोणाही शिक्षकाला वा विद्यार्थ्याला पाहता यावी आणि तिच्यासाठी पूर्णवेळ संग्रहपाल नेमावेत. कोणताही कायदा होवो, त्यात पहिले कलम या नोंदवहीचे हवे.