'उपरा' कुणाला म्हणावे? : 'टोकियो ड्रिफ्ट'च्या निमित्ताने

परक्या देशात जायचे, तिथली विद्या तिथल्याच माणसांकडून शिकायची आणि शेवटी त्याच विद्येत तिथल्या निष्णाताला हरवायचे, हे हॉलिवूडचे जुने आणि हक्काचे कथाबीज आहे. 'द लास्ट सामुराई' (२००३) मध्ये अमेरिकी सैनिक जपानी योद्ध्यांत राहून त्यांच्या व्रताचा अखेरचा वारसदार होतो. तीनच वर्षांनी आलेल्या 'द फास्ट अँड द फ्युरिअस : टोकियो ड्रिफ्ट' (२००६) मध्ये तलवारीच्या जागी मोटार आली आणि प्रौढ सैनिकाच्या जागी शाळकरी वयाचा मुलगा आला, एवढाच काय तो फरक. असे म्हणून हा चित्रपट बाजूला सारता येतो, आणि आमच्या क्षेत्रातल्या अनेकांनी तो तसा सारलेलाही आहे. त्याच्या उलट बाजूला आमचे विद्यार्थी असतात. लोकप्रिय चित्रपटांवर निबंध लिहिताना ते या कथेच्या नायकाला बेधडक 'उपरा' म्हणतात आणि पुढच्याच वाक्यात काम्यूकडे वळतात. आम्हाला या दोन्ही वाटा आळसाच्या वाटतात. चित्रपट टाकाऊ नाही. आणि त्याचा नायक उपरा नाही.

कथा थोडक्यात अशी. शॉन बॉसवेल हा अमेरिकेतला सतरा वर्षांचा मुलगा. शाळेतल्या एका धनिकपुत्राशी तो बांधकाम चालू असलेल्या वसाहतीत शर्यत लावतो, घरे मोडतो, गाड्या मोडतो. तुरुंग टाळण्यासाठी आई त्याला टोकियोत बापाकडे धाडते. तिथे पार्किंगच्या बहुमजली इमारतींत आणि डोंगरी घाटांत रात्री बेकायदा शर्यती चालतात. त्या जगावर 'डी. के.' म्हणजे 'ड्रिफ्ट किंग' या बिरुदाने मिरवणाऱ्या ताकाशीची सत्ता आहे, आणि ताकाशीचा काका याकुझा टोळीतला बडा माणूस आहे. शॉन पहिली शर्यत वाईट तऱ्हेने हरतो, हान नावाच्या माणसाच्या हाताखाली ड्रिफ्टिंग शिकतो, ताकाशीची मैत्रीण नीला हिच्या प्रेमात पडतो आणि अखेरीस घाटातल्या शर्यतीत ताकाशीला हरवून ते बिरुद स्वतः घेतो.

आता शब्दाकडे वळू. जपानीत शॉनला 'गाइजिन' म्हणतात. 'गाइ' म्हणजे बाहेर, 'जिन' म्हणजे माणूस. 'बाहेरचा माणूस' हे त्याचे सरळ भाषांतर झाले, 'उपरा' नव्हे. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आले तेव्हापासून मराठीत या शब्दाला एक निश्चित वजन आहे. त्यात जन्माने लादलेले बिऱ्हाड आहे, गावाने कधीच न दिलेली जागा आहे, आणि मुख्य म्हणजे परत जायला ठिकाण नसणे आहे. 'परका', 'बाहेरचा', 'एकाकी', 'बंडखोर' हे सगळे शब्द आपल्याकडे असताना त्या सगळ्यांच्या बदली एकच शब्द वापरणे म्हणजे तो शब्द झिजवणे होय. शॉनला परत जाता येते. टोकियो त्याची शिक्षा नाही, शिक्षेतून सुटका आहे.

अर्थात चित्रपटावर अन्याय करता कामा नये. सुरुवातीच्या अमेरिकी भागात एक गोष्ट त्याने नीट पाहिली आहे. शर्यतीनंतर पोलिस ठाण्यात तिघे असतात. धनिकपुत्र आणि त्याची मैत्रीण घरच्या वजनाने सुटतात. एकट्या आईचा, गावोगाव बिऱ्हाड हलवत वाढलेला शॉन तेवढा अडकतो. ही वर्गभेदाची गोष्ट आहे, आणि अमेरिकी करमणूकपटात ती इतक्या उघडपणे क्वचितच सांगितली जाते. पण विमान टोकियोत उतरते आणि ही गोष्ट हवेत विरते. वर्गातला परकेपणा वंशातल्या परकेपणात बदलतो. नव्या शाळेत तो बाहेरचे बूट घालून वर्गात शिरतो आणि 'उवाबाकी', म्हणजे शाळेच्या आत घालायची पादत्राणे, हा शब्द त्याला कळत नाही. प्रसंग गमतीचा आहे. मात्र गावात जो मुलगा गरिबीमुळे बाहेरचा होता, तो इथे केवळ गोरा असल्यामुळे बाहेरचा ठरतो, आणि हे बाहेरचेपण त्याला खुलून दिसते!

शिवाय बाप टोकियोत का आहे, हा प्रश्न चित्रपट विचारत नाही. बाप अमेरिकी नौदलात आहे. जपानच्या पराभवानंतर, १९४५ पासून, अमेरिकी सैन्य त्या देशात तळ देऊन राहिले आहे. टोकियोपासून जवळच योकोसुका इथे अमेरिकेच्या सातव्या आरमाराचे मुख्यालय आहे. शॉनचा शाळासोबती ट्विंकी हाही याच लष्करी कुटुंबांतला कृष्णवर्णीय मुलगा. ज्या वाटेने हे 'परके' टोकियोत आले ती वाट जेत्यांनी बांधलेली आहे. चित्रपट ती वाट दाखवतो, तिच्याविषयी बोलत मात्र नाही. अशा ठिकाणी न बोललेले वाचणे हेच तर आमच्या व्यवसायाचे काम.

आमचा मुख्य आक्षेप याहून वेगळा आहे. तो श्रमाविषयी आहे. ड्रिफ्टिंग म्हणजे वळणावर गाडी मुद्दाम घसरवणे. हँडब्रेक ओढून किंवा क्लचला झटका देऊन मागच्या चाकांची रस्त्यावरची पकड सोडवायची, स्टिअरिंग वळणाच्या उलट दिशेला फिरवायचे आणि वेगाच्या जोरावर ती घसरण सांभाळत गाडी आडवी नेत वळण पार करायचे. जपानच्या घाटरस्त्यांवर, ज्यांना 'तोगे' म्हणतात तिथे, ही विद्या मुरली. तिला घराघरांत पोचवले ते शुइची शिगेनो यांच्या 'इनिशियल डी' या १९९५ ते २०१३ एवढा काळ चाललेल्या चित्रमालिकेने. तिचा नायक ताकुमी हाही कुमारवयाचा, बेकायदा शर्यतीतला, अबोल मुलगा. पण त्याचे कौशल्य कुठून आले? बापाचे टोफूचे दुकान आहे. लायसन्सचे वय होण्याच्या कितीतरी आधीपासून हा मुलगा पहाटे डोंगरावरच्या गिऱ्हाइकांकडे टोफू पोचवतो. गाडीत पाण्याने भरलेला पेला ठेवलेला असतो, आणि पाणी सांडता कामा नये, टोफू तुटता कामा नये, अशी बापाची अट असते. कैक वर्षे, रोज, पोटासाठी तोच घाट. कसब रोजच्या कामातून उगवते, ही गोष्ट शिगेनोंनी किती सहजपणे सांगितली आहे! आपल्याकडच्या कुंभाराच्या, विणकराच्या पोराला ती समजावून सांगावी लागणार नाही.

शॉनच्या बाबतीत या वर्षांची जागा काही मिनिटांच्या सरावाने घेतली आहे. बंदरावर तो घसरत, आपटत, टायर झिजवत शिकतो. आणि कडेला मासे धरत बसलेला एक माणूस त्याच्या चुकांची थट्टा करतो. हा माणूस म्हणजे केइइची त्सुचिया. ज्यांना जपानमध्ये खरोखरच 'ड्रिफ्ट किंग' म्हणतात, ज्यांनी घाटातली ही विद्या शर्यतींच्या मैदानात आणि चित्रफितींतून जगापुढे नेली, तेच हे गृहस्थ. चित्रपटाच्या नावात ज्यांची कला आहे ते चौकटीच्या कडेला गळ टाकून बसले आहेत आणि मध्यभागी अमेरिकी मुलगा त्यांच्या बिरुदाची तयारी करतो आहे. हा प्रसंग आम्हाला चित्रपटातला सर्वांत बोलका वाटतो. ओळखणाऱ्याला तो चिमटा आहे, न ओळखणाऱ्याला नुसता विनोद.

आणखी एक बाब. ड्रिफ्टिंग ही मुळात जिंकण्याची विद्याच नाही. घसरणारी गाडी पकड धरून धावणाऱ्या गाडीपेक्षा बहुधा वेळ घालवते; म्हणून ड्रिफ्टिंगच्या स्पर्धांत घड्याळापेक्षा परीक्षकांना मान असतो. गाडीचा कोन, तिने धरलेली रेषा, एकूण डौल यांना गुण मिळतात. तेव्हा तिचे नाते धावण्यापेक्षा नृत्याशी अधिक जवळचे. सूडाच्या आणि जयपराजयाच्या कथानकात ही कला कोंबताना चित्रपटाची सतत ओढाताण होते. ती फक्त एकदा थांबते. रात्री डोंगरावरून गाड्यांची एक रांग लयीत, एकामागून एक, आडवी होत उतरत जाते. पुढची गाडी नीला चालवते आहे. शेजारी शॉन आहे. ती आपली हकिकत सांगते : आई ऑस्ट्रेलियाहून आलेली, टोकियोच्या रात्रीच्या बारमध्ये ग्राहकांची सोबत करून पोट भरणारी, ती गेल्यावर ताकाशीच्या आजीने या मुलीला सांभाळले. इथे कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. ज्या मुलीला सोडून जायला दुसरा देशच नाही तिचे बोलणे आणि घसरणाऱ्या गाड्यांची लय एकमेकींत मिसळून जातात. पकड सुटूनही तोल न जाऊ देणे म्हणजे काय, हे नीलाइतके शॉनला कधीच कळणार नाही. 'उपरा' हा शब्द या कथेत कुठे ठेवायचाच असेल, तर तो इथे ठेवावा.

आता हानविषयी. दिग्दर्शक जस्टिन लिन तैवानमध्ये जन्मला आणि कॅलिफोर्नियात वाढला. 'बेटर लक टुमॉरो' (२००२) हा त्याचा आधीचा चित्रपट आशियाई-अमेरिकी हुशार मुलांच्या गुन्हेगारीकडे घसरण्याविषयी होता. त्यातही हान नावाचे पात्र होते आणि तेही सुंग कांग यानेच केले होते. कांग हा अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यात जन्मलेला कोरियन-अमेरिकी नट. म्हणजे अस्सल दाक्षिणात्य हेल काढून बोलणाऱ्या शॉनइतकाच तोही त्या मातीतला. फक्त पडद्यावर त्याला तसे कुणी समजणार नाही. हान सतत काहीतरी खात असतो, कमी बोलतो, जिंकण्यात त्याला रस नाही. जुन्या काउबॉयपटांतले फरारी जसे सीमा ओलांडून मेक्सिकोत जातात, तसे टोकियो हे आपले मेक्सिको आहे, असे तो शॉनला सांगतो. एका वाक्यात अमेरिकेचा नकाशा उलटा होतो. आशियाई चेहऱ्याचा माणूस आशियात 'घरी' आलेला नाही, तो तिथे परागंदा आहे. आपल्या वासाहतिकोत्तर चर्चांत पानेच्या पाने खर्चून जे सांगितले जाते ते इथे चिप्स खाता खाता सांगून होते. पुढे शिबुयाच्या गर्दीतल्या पाठलागात हान मरतो. याच शिबुयात परवान्याशिवाय चित्रण चालू असताना पोलिस आले आणि पथकातल्या एकाने 'दिग्दर्शक मीच' असे सांगून लिनऐवजी अटक करून घेतली, ही हकिकत लिननेच नंतर मुलाखतींत सांगितली आहे. बेकायदा शर्यतींचा चित्रपट स्वतःही थोडा बेकायदा आहे, असो.

हानच्या मृत्यूनंतर जे घडते ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. शॉनने पहिल्या शर्यतीत मोडलेली हानची निस्सान गाडी आहे. तिचे इंजिन शॉनच्या बापाच्या जुन्या फोर्ड मस्टँगमध्ये बसवले जाते. अंग अमेरिकी, काळीज जपानी. या यंत्रावर शॉन शेवटची शर्यत जिंकतो. आमच्या एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की हा संकराचा, दोन संस्कृतींच्या मीलनाचा उत्सव आहे. आम्हाला तसे वाटत नाही. मीलनात दोघे जिवंत असावे लागतात. इथे मेलेल्या माणसाच्या ठेव्यावर जिवंत माणसाचा विजय उभा आहे, आणि गाडीचे नाव मस्टँगच राहते.

प्रेक्षकांनी मात्र आपला कौल निराळा दिला. हा चित्रपट या मालिकेतला सर्वांत कमी कमाईचा ठरला. सुमारे साडेआठ कोटी डॉलर खर्चून जगभरात सोळा कोटींच्या आतच मिळाले. पण लोकांच्या मनात राहिला तो हान. मालिकेने त्याच्यासाठी काळच वाकवला : पुढचे तीन भाग (२००९, २०११, २०१३) हे कथाकाळात 'टोकियो ड्रिफ्ट'च्या आधी घडतात असे ठरवले, म्हणजे हान जिवंत ठेवता आला. कथनाचा क्रम आणि कथेतला क्रम यांतला भेद शिकवायला याहून सोपे उदाहरण आम्हाला सापडलेले नाही. सहाव्या भागात त्याचा अपघात हा खून होता असे उघड झाले. आठव्या भागात (२०१७) त्याच खुन्याला नायकांच्या कुटुंबात सामील करून घेतले तेव्हा चाहत्यांनी 'हानला न्याय द्या' अशी मागणी लावून धरली. आणि २०२१ च्या नवव्या भागात, दिग्दर्शनाकडे परतलेल्या लिनने, हान मेलाच नव्हता असे सांगून टाकले. तर्काच्या दृष्टीने हे सारे हास्यास्पद आहे. पण नायक कोण, हे पटकथेने ठरवलेले असतानाही वाचक-प्रेक्षक दुसऱ्यालाच नायक करतात, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्याला 'बाहेरचा' म्हणून प्रेक्षकांपुढे उभे केले तो शॉन त्यांना आतलाच वाटला. बाहेरचे कोण ते त्यांनी बरोबर ओळखले.

निदान अर्धे. ताकाशीसाठी कुणी न्याय मागितला नाही. शॉन २०१५ च्या सातव्या भागात पुन्हा भेटतो. २०२१ मध्ये शॉन आणि ट्विंकी दोघेही येतात, रॉकेट लावलेल्या गाडीशी खटपट करतात, आणि हानला जिवंत पाहून त्यांना आनंदाचे भरते येते. नीलाला मात्र त्या भेटीला कुणी बोलावलेले नाही. ती कुठे असते, हे शॉनला कुणी विचारतही नाही.