थोडं म्हणजे किती?

"डिझेल गाडी आहे साहेब, थोडं ऑइल तर खाणारच!"

हे वाक्य ऐकलं नाही असा डिझेल गाडीवाला विरळाच. गाव कुठलंही असो, सर्व्हिस सेंटर कुठल्याही कंपनीचं असो, वाक्य तेच. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना तर त्याची ओळख लगेच पटावी. क्लायंट बग दाखवतो आणि आपण तिकिटावर 'वर्क्स ॲज डिझाइन्ड' असा शेरा मारून मोकळे होतो, तसंच हे. फरक एवढाच, की क्लायंट लगेच म्हणतो, "असं डिझाइन कुठे लिहिलंय ते दाखवा." गाडीवाला बिचारा तसं म्हणत नाही. तो ऑइलचा डबा विकत घेतो, इंजिनात ओततो आणि घरी जातो.

माझं म्हणणं साधं आहे. वॉरंटीतली गाडी जास्त ऑइल खाते की नाही, हा मताचा प्रश्न नाहीच, मोजमापाचा आहे. आणि मोजमाप कोणीच करत नाही, म्हणून ज्याच्या हातात जॉबकार्ड त्याचं म्हणणं खरं ठरतं.

विषय डोक्यात आला तो दीपनगरमुळे. दीपनगर म्हणजे भुसावळच्या औष्णिक वीज केंद्राची वसाहत. भुसावळहून वरणगावकडे निघालं की हायवेला लागूनच. माझे मामा तिथल्या प्लांटमधून रिटायर झाले आणि त्या पैशातून त्यांनी एक डिझेल एसयूव्ही घेतली. (कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. भांडण अजून चालू आहे, आणि मुद्दा एका कंपनीचा नाहीच.) वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर. पहिले पंचवीस हजार किलोमीटर दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये थेंबभर ऑइल घालावं लागलं नाही. मग डिपस्टिकवरची पातळी खाली यायला लागली. आता वॉरंटी संपायला सात महिने उरलेत, आणि सर्व्हिस ॲडव्हायझर दर वेळी हसतमुखानं वरचं वाक्य ऐकवतो. मामांनी त्याला एकच विचारलं, "भाऊ, थोडं म्हणजे किती?"

उत्तर नाही.

मामांना हा प्रश्न सुचला कारण त्यांचं आयुष्य त्यातच गेलंय. कोळशाच्या वीज केंद्रातसुद्धा तेल जळतं. बॉयलर पेटवताना आणि लोड कमी असताना ज्योत टिकवायला फर्नेस ऑइल किंवा हलकं डिझेल वापरतात. हे तेल वेगळं, इंजिन ऑइल नव्हे. पण गंमत बघा, ते किती जळावं याचा आकडा सरकारी नियमांत छापलेला असतो. केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या २००९ च्या नियमांत कोळशाच्या केंद्रांसाठी तो एका युनिटमागे १ मिलिलिटर होता, २०१४ च्या नियमांत तो ०.५० मिलिलिटरवर आला. महानिर्मितीसाठी राज्याचा आयोग असेच निकष ठरवतो. हिशोब करा. दीपनगरला ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत. असा एक संच तासभर पूर्ण क्षमतेनं चालला तर ५ लाख युनिट वीज होते, म्हणजे अर्ध्या मिलिलिटरच्या निकषानं जास्तीत जास्त २५० लिटर तेल. त्याहून जास्त जळालं तर तो सगळा खर्च आपल्या वीजबिलात ढकलता येत नाही. "थर्मल आहे, थोडं तेल तर खाणारच" असं आयोगापुढे सांगून बघा!

थोडक्यात काय, एवढ्या अवाढव्य बॉयलरला जे लागू होतं ते चार सिलिंडरच्या इंजिनाला लागू करायला कोणाची हरकत नसावी.

बरं, आकडे अस्तित्वातच नाहीत असंही नाही. स्कोडाच्या अनेक मॅन्युअलमध्ये १००० किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत ऑइल लागू शकतं असं लिहिलेलं असतं. टोयोटाच्या अनेक मॅन्युअलमध्ये कमाल मर्यादा १००० किलोमीटरला १ लिटर अशी आहे. म्हणजे नवीन इंजिनसुद्धा थोडं ऑइल खातं, हे खरंच आहे. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर ठेवतात, त्यातलं थोडं जळतंच. पण ही १ लिटरची मर्यादा जरा गुणून बघा. सर्व्हिसिंग दर १०,००० किलोमीटरला असेल तर मधल्या काळात १० लिटर. अशा एसयूव्हीच्या इंजिनात एकूण ऑइलच सहा-सात लिटर असतं. म्हणजे मर्यादेतच राहून गाडी आपलं सगळं ऑइल एकदा पिऊन संपवेल, वर दुसऱ्यांदा निम्मं! आणि डिपस्टिकवरच्या वरच्या आणि खालच्या खुणेत बहुतेक गाड्यांत साधारण एका लिटरचंच अंतर असतं. भुसावळहून पुण्याला येऊन परत जाईपर्यंत पातळी खालच्या खुणेजवळ.

त्यामुळे नुसती मर्यादा विचारून भागत नाही. दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा: आधी किती खात होती आणि आता किती खाते? आपल्या भाषेत, बेसलाइन काय होती? मामांची गाडी आधी काहीच खात नव्हती, आता १००० किलोमीटरला साधारण ६५० मिली खाते. तोंडी सांगितलेल्या कुठल्याशा मर्यादेत हे बसतही असेल. पण जे काल चालत होतं आणि आज चालत नाही, त्याला इंजिनाचा स्वभाव म्हणत नाहीत, बिघाड म्हणतात.

आता हे ऑइल जातं कुठे? बाहेर गळत असेल तर गॅसकेट, ऑइल कूलर, ड्रेन बोल्टचा वॉशर. हे दिसतं, आणि मुकाट्यानं दुरुस्तही होतं. खरी भांडणं आतल्या गळतीची. रिंगा झिजल्या किंवा कार्बननं अडकल्या, व्हॉल्व्हची सीलं गेली, टर्बोचं सील गेलं, की ऑइल जळणाऱ्या डिझेलमध्ये जातं. टर्बोचा प्रकार सगळ्यात वाईट. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, त्यामुळे आत शिरलेलं ऑइलच इंधन म्हणून जळायला लागलं तर किल्ली बंद करूनही इंजिन थांबत नाही. म्हणजे हा प्रश्न फक्त डब्याच्या किमतीचा नाही.

पूर्वी हे निळ्या धुरावरून कळायचं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आलं आणि बहुतेक डिझेल गाड्यांना डीपीएफ, म्हणजे काजळी पकडणारा फिल्टर लागला. हवेसाठी उत्तम गोष्ट. पण आता ऑइल जळत असलं तरी मागून पूर्वीसारखा धूर दिसेलच असं नाही. वर दोन भानगडी आणखी आहेत. एक, काजळी जळून जाते, पण ऑइलमधल्या धातूंच्या रसायनांची राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये साठत जाते. फिल्टर चोंदला की ऐकायला मिळतं, "तुम्ही गाडी गावातच फिरवता, हायवेला काढत नाही." दुसरी, फिल्टर साफ करायला इंजिन जादा डिझेल सोडतं, त्यातलं थोडं खाली ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी वाढते. म्हणजे एकीकडून ऑइल जातंय, दुसरीकडून डिझेल येतंय, आणि डिपस्टिक म्हणते सगळं ठीक! पातळी स्थिर आहे पण वासच डिझेलचा येतोय, तर ती चांगली बातमी नव्हे.

मग धूळ. दीपनगर परिसरात राखेचे टँकर फिरतात आणि वारा सुटला की राख उडते. कोळशाची राख म्हणजे मुख्यतः सिलिका आणि अल्युमिना. इंजिनात शिरली तर रिंगा आणि सिलिंडर अक्षरशः घासून काढते. त्यामुळे वॉरंटी नाकारायचं आवडतं कारण म्हणजे, "एअर फिल्टरची काळजी घेतली नाही, धूळ गेली." कधीकधी ते खरंही असतं. धुळीच्या भागात फिल्टर लवकर बदला असं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, आणि ते मालकानं पाळायलाच हवं. पण फिल्टर वेळेवर बदलल्याची बिलं असताना नुसतं "तुमच्याकडे धूळ फार" म्हणणं मला पटत नाही. जळगावात शोरूम उघडताना इथलं ऊन आणि इथली धूळ कंपनीला माहीत नव्हती की काय? शिवाय हेही मोजता येतं. ऑइलचा नमुना लॅबमध्ये दिला की सिलिकॉन किती (म्हणजे धूळ), लोखंड आणि अल्युमिनियम किती (म्हणजे झीज), डिझेल किती मिसळलंय, सगळं आकड्यांत कळतं. प्लांटमध्ये टर्बाइनच्या आणि ट्रान्सफॉर्मरच्या तेलाची अशी तपासणी नेहमीची. तिथे "तेल बघितलं, बरं वाटतंय" असं कोणी लिहून देत नाही.

कंपनीनं मनावर घेतलं तर काय होऊ शकतं याचं उदाहरण लांब नाही. २०२१ साली महिंद्राच्या नाशिक कारखान्यात दूषित इंधन आल्याचा संशय आला. कंपनीनं २१ जून ते २ जुलै या काळात बनलेल्या, सहाशेपेक्षा कमी डिझेल गाड्यांची इंजिनं तपासायला स्वतःहून मागवली. कुठली गाडी कुठल्या दिवशी बनली याची नोंद होती, म्हणून ते जमलं. अमेरिकेत टोयोटाच्या काही पेट्रोल इंजिनांबद्दल ऑइल खाण्याची ओरड झाली, तेव्हा २०११ मध्ये चाचणी ठरली: ऑइल भरून खूण करायची, १२०० मैल चालवायची, एका क्वार्टपेक्षा (साधारण ०.९५ लिटर) जास्त गेलं तर पिस्टन आणि रिंगा बदलायच्या. १९०० किलोमीटरच्या चाचणीनं वाद मिटतो. महिनोन्महिने डबे ओतायची गरज नाही.

तर मंडळी, करायचं काय? मामांनी आणि मी मिळून जे केलं ते सांगतो.

१. लॉग. दर रविवारी सकाळी, गाडी चालू करण्याआधी, त्याच सपाट जागी डिपस्टिकचा फोटो आणि ओडोमीटरचा फोटो. ऑइल घातलं तर तारीख, किलोमीटर आणि मिली. अंदाजानं "अर्धा डबा" नाही. ज्या माणसानं नोकरीभर लॉगशीट भरली, त्याला हे शिकवावं लागलं नाही :-)

२. ऑइल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्याच ग्रेडचं, बिलासकट. बाहेरची ॲडिटिव्ह नाहीत, ट्यूनिंग नाही. समोरच्याला आयतं कारण देऊ नका.

३. जॉबकार्डवर तक्रार आपल्या शब्दांत: "१००० किलोमीटरला ६५० मिली ऑइल कमी होतं." तिथे "जनरल चेकअप" लिहिलं गेलं, तर कागदोपत्री तुमची तक्रार जन्मालाच आलेली नाही. प्रत घेतल्याशिवाय हलू नका.

४. ईमेल थेट कंपनीला. दोनच मागण्या: या इंजिनाची मर्यादा लेखी कळवा, आणि ऑइल वजन करून भरून, सील करून १००० किलोमीटरची चाचणी घ्या.

५. तरीही नाही, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे मामांना जळगाव पुरेसं आहे, कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जायला नको. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. १० ते २० लाखांच्या गाडीला फी ४०० रुपये. मुदत दोन वर्षं.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. मारुती उद्योगच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये सांगितलं, की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याचं किंवा बदलण्याचं वचन असेल तर तेवढंच मागता येतं, अख्खी नवी गाडी नाही. आणि तज्ज्ञाचा अहवाल नसल्यामुळे अनेक तक्रारी पडतात. म्हणून लॉग आणि लॅब रिपोर्ट. गाडी धंद्यासाठी घेतलेली असेल तर "तुम्ही ग्राहकच नाही" असा मुद्दा निघू शकतो. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल तर कायद्यात सूट आहे.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. सर्व्हिसिंग चुकवणारे, सस्तं ऑइल घालणारे आणि मग इंजिन फुकट मागणारे लोक आहेतच. पण मर्यादा छापलेली असेल आणि चाचणी ठरलेली असेल, तर अशा लोकांपासून कंपनीचंच रक्षण होतं. मला तीनच गोष्टी हव्यात. वॉरंटीच्या पुस्तिकेत ऑइलची मर्यादा आकड्यात छापा, मराठीतसुद्धा. चाचणी मागितली की ती फुकट आणि लेखी निकालासकट द्या. आणि पहिल्या लेखी तक्रारीपासून निकाल लागेपर्यंत वॉरंटीचं घड्याळ थांबवा. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, कारण "अजून एक हजार चालवून बघा" या वाक्यात सात महिने सहज जातात. मग इंजिन उघडायचा लाखाच्या घरातला खर्च रिटायर्ड माणसाच्या खिशावर येतो.

मामांना चाचणीसाठी लेखी होकार मिळालाय, तोही चौथ्या ईमेलनंतर. निकाल काय लागेल माहीत नाही. पण आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी, गावाकडे, आईवडिलांची किंवा काका-मामांची अशी एखादी गाडी असते. ती मंडळी सर्व्हिस ॲडव्हायझरशी वाद घालत नाहीत, "असेल बाबा" म्हणून डबा घेऊन येतात. पुढच्या वेळी घरी गेलात की वॉरंटीची तारीख बघा, डिपस्टिक ओढा आणि त्यांच्या मोबाइलवर एक शीट उघडून द्या. पहिली नोंद तुम्हीच करा.