डिचोलीचे न झालेले युद्ध

इ.स. १६४० मध्ये उत्तर गोव्यातील डिचोली परिसरात पोर्तुगीज आणि 'मराठा साम्राज्य' यांच्यात युद्ध पेटले, ते १६४१ पर्यंत चालले आणि अखेर तहाने मिटले, असे सांगणारा सुमारे साडेचार हजार शब्दांचा लेख जुलै २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर प्रकट झाला. मांडणी नेटकी, भाषा संयत, तळटिपा जागच्या जागी. दोनच महिन्यांत त्याला 'चांगला लेख' हा तेथील मानाचा दर्जा मिळाला. त्यानंतर पाच वर्षे तो तसाच राहिला. डिसेंबर २०१२ मध्ये एका स्वयंसेवक संपादकाने तळटिपांत दिलेले ग्रंथ प्रत्यक्ष शोधून पाहण्याचे कष्ट घेतले, तेव्हा असे ग्रंथच अस्तित्वात नाहीत हे उघड झाले. युद्धही झाले नव्हते. कोणा एकाने घरबसल्या रचलेली ती कादंबरी होती.

चौथीच्या इयत्तेत शिवचरित्र वाचलेल्या कोणत्याही मराठी मुलाने हा लेख पहिल्याच ओळीला पकडला असता. १६४० मध्ये शिवराय दहा वर्षांचे होते. शहाजीराजे विजापूरच्या चाकरीत होते. तोरणा हाती यायला अजून काही वर्षे होती, राज्याभिषेकाला तर चौतीस. साम्राज्य कोठून येणार? डिचोलीचा मुलूख त्या वेळी आदिलशाहीत होता, आणि पोर्तुगिजांकडे तो कायमचा गेला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, 'नव्या काबिजादी'बरोबर. याच डिचोली तालुक्यातील नार्वे येथे श्रीसप्तकोटेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनी १६६८ मध्ये केला, हे गोमंतकातील भाविकांना ठाऊक आहे. मग पाच वर्षांत यांपैकी एकाचीही नजर त्या पानावर का पडली नाही? आणि पडली असेल, तर हात का उचलला गेला नाही?

प्रश्न केवळ एका फसव्या लेखाचा नाही. १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या विकिपीडियाच्या इंग्रजी आवृत्तीत आज सत्तर लाखांहून अधिक लेख आहेत. मुलीचा शाळेतील प्रकल्प असो, उपसंपादकाची रात्रीची घाई असो वा परदेशी पर्यटकाचे कुतूहल, पहिली धाव तेथेच असते. अलीकडे तर कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे याच मजकुरावर पोसली जात आहेत. त्यामुळे तेथील एक चुकीची ओळ तेथेच राहत नाही. ती पाठ्यपुस्तकाच्या टिपणांत, वृत्तपत्रांत आणि यंत्राच्या तोंडून पुन्हा घरात येते.

'कोणीही लिहावे, कोणीही दुरुस्त करावे' या तत्त्वावर उभा असलेला हा कोश आजवर कोसळला कसा नाही, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. त्याचे उत्तर तेथील राखणीच्या पद्धतीत आहे. प्रत्येक पानाला 'इतिहास' असतो. कोणी, केव्हा, कोणता शब्द घातला वा काढला, याची नोंद तेथे कायम राहते आणि पूर्वीची कोणतीही आवृत्ती क्षणात परत आणता येते. भिंतीवर डांबर फासणाऱ्यापेक्षा ते पुसणाऱ्याला येथे कमी श्रम पडतात. सार्वजनिक भिंतींच्या बाबतीत असे सुख दुर्मीळच. २००४ मध्ये फर्नांडा व्हिएगास आणि मार्टिन वॉटनबर्ग या संशोधकांनी सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सबंध पान पुसून टाकण्याचे निम्मे प्रकार तीन मिनिटांच्या आत दुरुस्त झालेले आढळले होते. त्यानंतर यंत्रांचीही जोड मिळाली. शिवीगाळ वा निरर्थक अक्षरे साठवूच न देणारी गाळणी आली. २०१० पासून इंग्रजी आवृत्तीवर एक स्वयंचलित कार्यक्रम प्रत्येक बदल तपासतो आणि उघड नासधूस दिसली की काही सेकंदांत ती उलटवतो. जी पाने वारंवार लक्ष्य होतात त्यांना कुलूप लागते. साध्या कुलुपाच्या पानावर लिहायचे तर खाते चार दिवस जुने आणि दहा संपादने झालेली असावी लागतात. कडक कुलपाला तीस दिवस आणि पाचशे संपादने. एकाच पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा अधिक वेळा दुसऱ्याचे लेखन उलटवणाऱ्याला, तो बरोबर असला तरी, बाहेर बसवले जाते.

या साऱ्याच्या मागे माणसे आहेत. इंग्रजी विकिपीडियाचे प्रचालक, म्हणजे कुलूप घालण्याचे व खाते बंद करण्याचे अधिकार असलेले संपादक, आठशेच्या आसपास आहेत. त्यांना सहकारी संपादक निवडतात. त्यांच्याखाली अधिकाराविना राबणारे हजारो आहेत. मोबदला नाही, सत्कार नाही, बहुतेकांचे खरे नावही कोणाला ठाऊक नाही. 'स्वयंसेवक' या शब्दाचा अर्थ या साप्ताहिकाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

४ सप्टेंबर २०२२ रोजी दुबईत आशिया चषकाच्या सामन्यात पाकिस्तानविरुद्ध अर्शदीप सिंग या तरुण गोलंदाजाच्या हातून झेल सुटला. सामना हातचा गेला आणि त्याच रात्री त्याच्या विकिपीडिया पानावर कोणीतरी 'भारत'च्या जागी 'खलिस्तान' असा मजकूर घुसवला. देशासाठी खेळणाऱ्या एका शीख मुलावर केलेला हा विषप्रयोग होता. केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने विकिपीडियाच्या प्रतिनिधींकडे जाब मागितला, दूरचित्रवाणीवर दोन दिवस चर्चा रंगल्या. वस्तुत: तो मजकूर त्या पानावर पाऊण तासही टिकला नव्हता. सुमारे पंधरा मिनिटांतच स्वयंसेवकांनी तो काढला होता आणि पानाला कुलूप घातले होते. त्या पंधरा मिनिटांची छायाचित्रे मात्र देशभर फिरत राहिली. ज्यांनी पान सावरले त्यांचे कौतुक करण्याचे कोणाला सुचले नाही.

आता याच्या उलट उदाहरण. अमेरिकेतील ज्येष्ठ पत्रकार जॉन सिगेनथेलर हे एकेकाळी रॉबर्ट केनेडी यांचे निकटचे सहकारी, त्यांच्या अंत्ययात्रेत खांदा देणाऱ्यांपैकी एक. मे २००५ मध्ये त्यांच्याच चरित्रात कोणीतरी लिहिले की, केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध असल्याचा संशय होता. एका टवाळखोराने सहकाऱ्याची गंमत करण्यासाठी लिहिलेले ते शब्द सुमारे चार महिने तसेच राहिले. सिगेनथेलर यांनी नोव्हेंबरमध्ये 'यूएसए टुडे'त त्यावर लेख लिहिला तेव्हा विकिपीडियाला खडबडून जाग आली. नाव न नोंदवता नवा लेख सुरू करण्याची मुभा इंग्रजी आवृत्तीने काढून घेतली आणि हयात व्यक्तींविषयी पुराव्यावाचून काहीही राहू द्यायचे नाही, असा नियम घट्ट झाला.

खलिस्तानचा मजकूर पंधरा मिनिटे, सिगेनथेलर यांची बदनामी चार महिने, डिचोलीचे युद्ध पाच वर्षे. गाजत असलेल्या पानावरील ओरडणारे असत्य लगेच पकडले जाते. जे शांत, सभ्य आणि तळटिपांनी सजलेले असते ते टिकते. यंत्राला शिवी कळते, आदिलशाही कळत नाही. 'चांगला लेख' ठरवणारा परीक्षकही एकटाच असू शकतो. तो रचना पाहतो, भाषा पाहतो, संदर्भ दिले आहेत ना हे पाहतो. प्रत्येक ग्रंथ हातात घेऊन पाहणे त्याला शक्य नसते. अशा ठिकाणी विषय जाणणारा माणूसच हवा. डिचोलीच्या पानावर तो नव्हता, आणि तो कोणत्या समाजातून यायला हवा होता हे सांगायला नको.

येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. विकिपीडियाच्या व्याख्येत हेतुपुरस्सर केलेली नासधूस म्हणजे उत्पात. न पटणारे मत, अपुरी माहिती, इतकेच काय, प्रामाणिक चूकसुद्धा उत्पात ठरत नाही. समोरचा सद्हेतूने लिहितो आहे असे प्रथम गृहीत धरायचे, हा तेथील शिष्टाचार आहे. राष्ट्रीय विचाराच्या अनेक तरुणांची तेथे पहिल्याच आठवड्यात अडचण होते ती याच ठिकाणी. संतापाच्या भरात ते चार वेळा मजकूर उलटवतात, पाचव्या वेळी त्यांचे खाते बंद होते, आणि मग सारा कोशच शत्रूच्या ताब्यात आहे असे म्हणून ते पाठ फिरवतात. ज्या पानासाठी ते गेले होते ते पान होते तसेच राहते.

याचा अर्थ तक्रारीत तथ्य नाही, असा मुळीच नाही. कोणते वृत्तपत्र 'विश्वसनीय' आणि कोणते त्याज्य, हे ठरवणाऱ्या चर्चांत इंग्रजी वर्तुळाचा वरचष्मा असतो. भारताविषयीच्या पानांवर त्याची छाया स्पष्ट दिसते. विकिपीडियाचे एक संस्थापक लॅरी सँगर यांनीच २०२० मध्ये या कोशाचा तटस्थपणा हरवल्याची जाहीर टीका केली होती. परंतु त्या चर्चा उघड्यावर होतात, त्यांत बोलायला कोणालाही बंदी नाही, आणि इंग्रजीखेरीज अन्य भाषांतील ग्रंथ संदर्भ म्हणून तेथे चालतात. ही शेवटची गोष्ट महाराष्ट्रात फारच थोड्यांना माहीत आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये, 'छावा' चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर, छत्रपती संभाजी महाराजांविषयीच्या इंग्रजी पानावरील आक्षेपार्ह मजकुराने महाराष्ट्र संतापला. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सायबर पोलिसांना विकिपीडियाशी संपर्क साधण्याचे निर्देश दिले, नोटीस गेली, काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला गेला. संताप स्वाभाविक होता. ज्या राजाने धर्मासाठी यातना सोसून देह ठेवला, त्याच्याविषयी अनादराची ओळ कोणाला सहन होईल? पण नोटिशीने एखादी ओळ निघेलही. तिच्या जागी काय लिहायचे, कोणत्या ग्रंथाच्या कोणत्या पृष्ठाच्या आधारे लिहायचे, हे नोटीस सांगत नाही. शिवाय एका संपादकावर गुन्हा नोंदला गेला की दहा जाणकार त्या विषयाकडे फिरकेनासे होतात. त्यांतील काही जण कदाचित मराठी असतील.

संभाजी महाराजांवरील किटाळ यापूर्वी एकदा धुतले गेले आहे, आणि तेही याच महाराष्ट्रात. मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीने आणि तिच्यावर पोसलेल्या नाटकांनी त्यांची बेताल राजपुत्र अशी प्रतिमा पिढ्यान् पिढ्या रुजवली होती. वा. सी. बेंद्रे यांनी अनेक दशके देशी-परदेशी दप्तरे धुंडाळली, कागदाला कागद जोडला आणि १९६० मध्ये संभाजी महाराजांचे चरित्र सिद्ध केले. पुढे डॉ. कमल गोखले यांनी 'शिवपुत्र संभाजी'मध्ये ते काम पुढे नेले. आज मराठी मनातील शंभुराजे पराक्रमी, विद्वान आणि धर्मनिष्ठ आहेत, ते या परिश्रमांमुळे. बेंद्र्यांचे निष्कर्ष पृष्ठांकासह इंग्रजी पानावर नेऊन ठेवणे, त्यावर चर्चा पानावर शांतपणे वाद करणे आणि कोणी ते काढले तर कारण विचारणे, हे त्यांच्या तुलनेत किती हलके काम आहे!

आणि मराठी विकिपीडिया? तो १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, सुरू झाला. लेखसंख्या आता लाखाच्या घरात आहे. तेथे गेलेल्या माणसाला प्रथम भेटते ती भाषा. चर्चेच्या जागेला 'चावडी', सरावाच्या पानाला 'धूळपाटी', स्वयंचलित कार्यक्रमाला 'सांगकाम्या'. कोणी उत्पात केला की तो निस्तरणारा संपादक पान 'पूर्वपदास नेतो'. किती नेमके शब्द आहेत हे! सरकारी परिभाषा समित्यांना न सुचलेली ही मराठी काही हौशी मंडळींनी एकही रुपया न घेता घडवली. पण तेथील प्रचालक मोजकेच आहेत. निवडणूक जवळ आली की पुढाऱ्यांची पाने फुगतात, जातीजातींच्या पानांवर महापुरुषांची ओढाताण होते, गावांच्या पानांत स्थानिक दुकानांच्या जाहिराती शिरतात. इंग्रजीत जे काम हजारो हात करतात ते मराठीत काही जणांच्या अंगावर येते. त्यांपैकी दोघे आजारी पडले तर 'अलीकडील बदल'ची यादी पाहायला कोण उरते?

ज्या भाषेत डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी पारतंत्र्याच्या काळात, सरकारी आश्रयाशिवाय, ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्ध केले, तिची ही अवस्था आहे. केतकरांना छापखाना, कागद, वर्गणीदार सारेच उभे करावे लागले. आज यातले काहीही लागत नाही.

नाशिक, सातारा, रत्नागिरी, फोंडा अशा कोणत्याही गावात निवृत्त इतिहास-शिक्षक आहेत. बेंद्र्यांचा ग्रंथ त्यांच्या कपाटात आहे, त्यात खुणेच्या चिठ्ठ्याही असतील. काहींना मोडी वाचता येते. घरात संगणक आहे, नातवाला देवनागरी टंकलेखन येते. आजोबांनी पृष्ठांक सांगायचा, नातवाने चर्चा पानावर तीन ओळी लिहायच्या. रविवारच्या सकाळी पाऊण तासाचे काम आहे, आणि पुढच्या रविवारी त्या ओळींना काय उत्तर आले ते पाहायचे.