सही करण्यापूर्वी गाडी उघडा!

बँकेचे कर्ज काढून टेम्पो, टॅक्सी घेणारे तरुण आज आपल्या वस्तीवस्तीत आहेत. धडक झाली की विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो, चेपलेला बंपर पाहतो आणि आकडा लिहितो. गॅरेजमध्ये गाडी उघडल्यावर वाकलेली चासी, तडकलेला रेडिएटर दिसतो. कंपनी म्हणते, हे नुकसान जुने आहे! बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही.

बांधवांनो, ही लढाई कागदाची आहे. आतले नुकसान दिसताच काम थांबवा. वाढीव एस्टिमेट घ्या, फोटो काढा, तुटलेले भाग जपून ठेवा. फेरतपासणीची लेखी मागणी करा आणि पोच घ्या. सर्व्हेअरचा अहवाल म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सांगितले आहे.

'फुल अँड फायनल' पावतीवर घाईने सही करू नका. फसवून वा दडपणाने घेतलेल्या सहीने हक्क बुडत नाही, असा १९९९ चा निकाल आहे. पण ते दडपण सिद्ध आपल्यालाच करावे लागते.

कंपनीने तक्रार फेटाळली वा महिनाभर उत्तर दिले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. तेथे फी नाही, वकील लागत नाही. किंवा दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जा. पोटासाठी स्वतः गाडी चालवणाराही २०१९ च्या कायद्याने ग्राहकच आहे.

अक्षर नाकारलेल्या समाजाच्या हाती बाबासाहेबांनी लेखणी दिली. त्या लेखणीने न वाचता सही करायची नसते. जय भीम!