वर्क इज वर्शिप, पण झाडू कुणाच्या हातात?

"तुमच्यात तं आरती नाई, सोवळं नाई, गणपती नाई... मंग तुमी देवाचं करता तरी काय बे?" फर्स्ट इयरला असताना माझ्या रूम पार्टनरने मला हा प्रश्न विचारला होता. तो दर्यापूरकडचा, मी अकोल्याचा. प्रश्नात खोच नव्हती, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. रविवारी उपासनेला जातो, प्रार्थना करतो, नाताळला घरी फराळ असतो वगैरे मी सांगितलं. त्याचं समाधान झालं नाही. "ते तं हप्त्यातून एक तास झाला. बाकीच्या टायमाले काय?" असं म्हणून तो मेसला निघून गेला.

बाकीच्या वेळेचं काय, हाच खरं तर मुद्दा आहे. आणि माझं मत असं की त्याचं उत्तर चर्चपेक्षा होस्टेलच्या कॉमन बाथरूममध्ये जास्त नीट देता येतं. हसू नका, पुढे वाचा.

येशू सुतार होता हे बहुतेकांना माहीत असतं. पण हिशेब कुणी करत नाही. लूकच्या शुभवर्तमानात लिहिलंय की त्याने उपदेशाचं काम सुरू केलं तेव्हा तो सुमारे ३० वर्षांचा होता. त्यानंतरचा काळ तीनेक वर्षांचा धरतात. म्हणजे प्रवचनांपेक्षा लाकडाच्या भुशात त्याची कितीतरी जास्त वर्षं गेली असणार. त्या वर्षांतला एकही चमत्कार बायबलमध्ये नाही. वर्कशॉपमध्ये लॅप जॉइंटचा जॉब तिसऱ्यांदा फाइल करणाऱ्या मुलाला हे ऐकून जरा बरं वाटायला हरकत नाही.

आणि मग शेवटच्या रात्रीचं भोजन. त्या काळी पॅलेस्टाइनमध्ये लोक धुळीच्या रस्त्यांनी चालत येत, आणि पाहुण्यांचे पाय धुणं हे घरातल्या गुलामाचं काम असे. योहानाच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात येशू उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. पेत्र चक्क नाही म्हणतो. गुरूने हे करायचं म्हणजे काय! त्याचं चिडणं मला सगळ्यात खरं वाटतं. थोड्याच वेळात दगा देणारा यहूदाही तिथेच बसलेला होता. त्याचे पाय वगळले असं कुठे लिहिलेलं नाही.

कॅथलिक चर्चमध्ये ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी याची आठवण म्हणून धर्मगुरू १२ जणांचे पाय धुतात. पूर्वी नियमाने फक्त पुरुषांचेच. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली रोमच्या एका बालसुधारगृहात मुलींचेही पाय धुतले, त्यात एक मुसलमान मुलगी होती. २०१६ मध्ये त्यांनी तो नियमच बदलला. चांगलं झालं. पण एक गंमत सांगतो. ज्यांचे पाय धुवायचे असतात ते त्या दिवशी घरूनच साबणाने पाय घासून, नखं कापून येतात! धर्मगुरूंच्या हाताला मळ लागतच नाही. विधी सुंदर असतो, पण काम झालेलं नसतं.

काम होतं अशी एक जागा आपल्याच जिल्ह्यात आहे. परतवाड्याजवळ कोठारा इथे लेप्रसी मिशनचा दवाखाना आहे. कुष्ठरोगात जंतू मज्जातंतूंवर हल्ला करतात आणि तळपायाची संवेदना जाते. मल्टी ड्रग थेरपीने रोग बरा होतो. ६ किंवा १२ महिन्यांचा कोर्स असतो आणि सरकार औषध फुकट देतं. पण गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. खडा टोचला, चप्पल चावली, काही कळत नाही. दुखत नाही म्हणून माणूस लंगडत नाही, त्याच पायावर जोर देत चालत राहतो आणि जखम खोल जाते. दुखणं हे वरदान आहे, हे तिथे कळतं. त्यावरचा रोजचा इलाज अगदी साधा: पाय वीस मिनिटं साध्या पाण्यात भिजवायचे, घट्टे खरबरीत दगडाने हलके घासायचे, ओलसर असतानाच तेल लावायचं आणि तळवा नीट न्याहाळायचा. आज केलं म्हणून उद्या सुटका नाही.

माझी एक मावशी अशाच एका मिशन दवाखान्यात ड्रेसिंग करायची. सुट्टीत तिच्याकडे गेलो की तिच्या हाताला स्पिरिटचा वास यायचा. ती पेशंटच्या उशाशी बसून प्रार्थना वगैरे म्हणताना मी कधी पाहिली नाही. बादली भरायची, पाय पाण्यात ठेवायला लावायची आणि ओरडायची, "दगड कुठं आहे तुमचा? मी घासून देणार नाही, हात आहेत ना तुम्हाला!" तेव्हा मला ती कडक वाटायची. दवाखान्यातून घरी गेल्यावर पेशंटने स्वतःचे पाय स्वतः सांभाळले पाहिजेत, नाही तर महिन्याभरात तो पुन्हा पलंगावर दिसणार, हे नंतर कळलं. सेवा घेणारा कायम सेवा घेणाराच राहिला तर ती सेवा फसली, असं तिचं गणित.

याच पायाची इंजिनियरिंगची बाजूही पाहा. प्रेशर म्हणजे फोर्स भागिले एरिया, हे आपण अकरावीपासून घोकतो. डॉ. पॉल ब्रँड हे ख्रिस्ती सर्जन १९४६ साली तामिळनाडूत वेल्लोरला आले. बधिर पायाला जखम का होते याचा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिच्छा पुरवला आणि उत्तर सापडलं ते याच सूत्रात. वजन कमी करता येत नाही, मग ते जास्त जागेवर पसरवा. त्यातून मायक्रोसेल्युलर रबराचे मऊ तळ असलेल्या चपला आल्या. खाली टायरसारखा टणक थर आणि वर मऊ रबर. खिळा एकही नाही, कारण खिळा वर आला तर पायाला कळणारच नाही. ब्रँड यांचं नाव हाताच्या शस्त्रक्रियांसाठी जास्त घेतलं जातं. मला मात्र त्यांची भक्ती त्या चपलेत जास्त दिसते. चप्पल ही काय कुणी काचेच्या कपाटात ठेवायची वस्तू आहे?

या कामात आम्हां ख्रिस्ती लोकांची मक्तेदारी आहे असं मात्र कुणी समजू नये. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्येच तपोवन उभं केलं. आणि ज्यांचं नाव २००५ पासून आपल्या विद्यापीठाला आहे, म्हणजे तुमच्या-माझ्या मार्कशीटवर छापलेलं आहे, ते गाडगेबाबा याच जिल्ह्यात शेंडगावला जन्मले. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन. क्रम लक्षात घ्या, आधी झाडू.

आता अडचणीच्या भागाकडे येतो. आपल्या वर्कशॉपच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'वर्क इज वर्शिप' लिहिलंय. आमच्या ख्रिस्ती घरांत त्याच अर्थाचं एक वचन कॅलेंडरवर असतं, पौलाच्या कलस्सैकरांस पत्रातलं. जे काम कराल ते माणसांसाठी नव्हे तर प्रभूसाठी समजून मन लावून करा, असा त्याचा भाव. छानच आहे. पण कॅलेंडरवर मागची-पुढची ओळ नसते. ते वचन मुळात गुलामांना उद्देशून आहे! आणि जेमतेम तीन ओळींनंतर, चौथा अध्याय उघडताच, पौल मालकांकडे वळतो आणि त्यांना गुलामांशी न्यायाने, समानतेने वागायला सांगतो, कारण त्यांच्याही डोक्यावर एक मालक आहे. ही ओळ मी आजवर एकाही कॅलेंडरवर पाहिलेली नाही. ज्यांच्या घरी मोलकरीण आहे त्यांच्याही घरी नाही.

मला हे बोचतं त्याला कारण आहे. मराठी ख्रिस्ती समाजातली बरीच घरं पूर्वीच्या अस्पृश्य जातींतून आलेली आहेत, आमचंही. आजोबांच्या आधीच्या पिढीने गावकी केली, मेलेली ढोरं ओढली. ते काम त्यांनी निवडलं नव्हतं, माथी मारलं गेलं होतं. त्यांना जर कुणी येऊन सांगितलं असतं की 'बाबा, हीच तुझी पूजा', तर त्यांनी त्याला गावकुसापर्यंत पिटाळला असता. आणि बरोबर केलं असतं. झाडू हातात नसलेल्याने झाडूची थोरवी गायची, यासारखी स्वस्त भक्ती दुसरी नाही. येशूने पेत्राला 'पाय धुणं किती पवित्र' यावर प्रवचन देऊन कामाला गुलाम बोलावला नव्हता. रुमाल त्याने स्वतःच्या कमरेला बांधला होता. ज्याला ते काम टाळता आलं असतं त्याने केलं, म्हणून त्याला अर्थ आला. ज्याला टाळता येत नाही त्याच्यासाठी आपण दुसरंच काही देणं लागतो: वेळेवर पगार, हातमोजे, गमबूट आणि जमलं तर त्याच्याऐवजी एखादं यंत्र.

यंत्राचं मी उगाच म्हणत नाही. हाताने मैला साफ करवून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. गटारात मृत्यू झाला तर कुटुंबाला १० लाख रुपये द्या असं सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये सांगितलं, २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. रक्कम वाढवावी लागली याचा अर्थ माणसं अजून आत उतरताहेत. केरळमधल्या इंजिनियरिंग करून निघालेल्या काही मुलांनी २०१८ साली मॅनहोलमध्ये उतरणारा बँडिकूट नावाचा रोबोट आणला. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी दरवर्षी लाइन फॉलोअर रोबोट बनवणाऱ्या आपल्या भावांनी जरा इकडे लक्ष द्यावं. काळ्या पट्टीवरून तो कितीदा फिरवणार?

आता आपल्या होस्टेलचं. सफाईचं काम ठेकेदाराकडे आहे. काका आठवड्यातून दोन-तीनदा येतात, कारण त्यांच्याकडे आणखी दोन बिल्डिंग आहेत. ते उघड्या हातांनी ऍसिड टाकतात. बाथरूम तुंबलं की आपण रेक्टर सरांच्या नावे अर्ज लिहितो, ३० जणांच्या सह्या घेतो आणि त्याच संध्याकाळी शॅम्पूच्या पुड्या पुन्हा जाळीत टाकतो. अर्ज काकांच्या विरोधात जातो, पुड्यांच्या विरोधात नाही.

आमच्या विंगमध्ये आम्ही सहा जणांनी या टर्मपासून रविवारी सकाळी बाथरूम स्वतः घासायला सुरुवात केली. सहात ख्रिस्ती मी एकटाच. तो दर्यापूरवालाही आहे, आणि तो माझ्यापेक्षा चांगलं घासतो हे मान्य करावं लागेल. पहिल्या रविवारी काकांना वाटलं की त्यांचं काम चाललं, ते घाबरले. म्हणून आम्ही सरांना लेखी दिलं की यामुळे काकांचा एक दिवसाचाही पगार कापला जाऊ नये. दुसऱ्या अर्जात हातमोजे, बूट आणि ऍसिडऐवजी साधं क्लीनर मागितलंय. बूट मिळाले, पण एक नंबर लहान. बदलून मागितलेत. बाकीचं 'प्रोसेसमध्ये' आहे. बी विंगवाले विचारत होते, त्यांनाही रविवारी सकाळी सातला यायला सांगितलंय. ब्रश सध्या दोनच आहेत, तेव्हा येताना आपापला घेऊन या.