भुतांच्या गोष्टी : वाचाव्या कीं ऐकाव्या?

गेल्या महिन्यांत एके सायंकाळीं आम्ही बदलापूर लोकलनें मुंबईहून घरीं परत येत होतों. समोरच्या बाकावरील एक तरुण कानांत इअरफोन घालून डोळे मिटून बसला होता. कल्याण गेलें, विठ्ठलवाडी गेलें, उल्हासनगर आलें, आणि एकाएकीं तो असा दचकून ओरडला कीं शेजारच्या गृहस्थांच्या मांडीवरील पिशवी खालीं पडली. विचारपूस करतां तो ओशाळून म्हणाला, "कांहीं नाहीं काका, धारपांची गोष्ट ऐकत होतों." सारी मंडळी हंसली. आम्हीही हंसलों, परंतु अंबरनाथास उतरून घरापर्यंत चालतांना तोच विचार मनांत घोळत राहिला.

नारायण धारप (१९२५–२००८) यांचीं पुस्तकें वाचनालयांतून आणून, वडील मंडळींची नजर चुकवून वाचणारी पिढी आज साठीच्या घरांत आहे. आतां धारपांच्या नि रत्नाकर मतकरींच्या गूढकथा कानांनीं ऐकावयास मिळतात. २०१७ सालीं स्टोरीटेल भारतांत आलें, तेव्हांपासून मराठी पुस्तकें मोबाइलवर ऐकण्याचा प्रघात चांगलाच वाढला. अंबरनाथ किंवा बदलापूर येथून छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस साठ-सत्तर किलोमीटर दूर. जाऊनयेऊन रोजचे तीन तास गाडींत जातात, आणि त्यांतील बराच वेळ उभ्यानें जातो. हात दांडीला अडकलेले, डोळ्यांपुढें दुसऱ्याची पाठ. मोकळे राहतात ते कानच. अशा वेळीं त्या कानांनीं गोष्ट शोधली तर त्यांत नवल तें काय?

आमच्या परिचयाचे कांहीं वृद्ध गृहस्थ यावर नाक मुरडतात. पुस्तक वाचावयाचें सोडून ऐकत बसणें हा त्यांच्या मतें शुद्ध आळस होय. आम्हांस हें मत मान्य नाहीं. अकराव्या शतकांत सोमदेवानें कथासरित्सागरांत जी वेताळपंचविशी गुंफली, तींतील राजा गोष्टी वाचीत नाहीं. खांद्यावरचें प्रेत त्याच्या कानाशीं गोष्ट सांगतें. इंग्लंडांत एम्. आर्. जेम्स हे केंब्रिजचे विद्वान १८९३ पासून आपल्या भूतकथा प्रथम मित्रमंडळींस वाचून दाखवीत. पुढें नाताळच्या रात्रीं एका मेणबत्तीच्या उजेडांत हें वाचन होई, आणि छापून पुस्तक निघालें तें १९०४ सालीं. आपल्याकडील ताजें उदाहरण पाहावयाचें तर २०१८ च्या 'तुंबाड' चित्रपटाचें घ्या. त्याचें बीज राही अनिल बर्वे यांच्या मनांत पडलें तें १९९३ सालीं, नागझिऱ्याच्या अरण्यांत एका मित्रानें धारपांची एक कथा तोंडानें सांगितली तेव्हां. तात्पर्य, भुताचा मूळ मुक्काम कानांतच.

याचें कारणही उघड आहे. वाचणारा मनुष्य फार भ्याला तर शेवटचें पान उघडून पाहतो, निदान उरलेल्या पानांची जाडी तरी चांचपतो. ऐकणाऱ्यास ही सवड नाहीं. सांगणारा थांबला कीं त्यालाही थांबावें लागतें, आणि त्या थांबण्यांतच भीति दबा धरून बसलेली असते.

आतां आमच्या घरची एक हकीकत सांगतों. आमच्या आत्याबाई शहाऐंशीं वर्षांच्या आहेत. दृष्टि जवळजवळ गेली आहे, त्यामुळें पोथी नि वर्तमानपत्र दोन्ही सुटलीं. मागल्या पावसाळ्यांत वीज गेलेली असतांना आमच्या पुतणीनें आपला मोबाइल त्यांच्या उशाशीं ठेवून एक भुताची गोष्ट लावली. गोष्ट पिंपळावरच्या मुंज्याची होती. मुलें आत्याबाईंच्या पांघरुणांत शिरलीं, मोठीं माणसें दारांत उभ्यानेंच ऐकूं लागलीं. गोष्ट संपली तरी कोणी उठेना. तेव्हां आत्याबाई हळूच म्हणाल्या, "आमचा धाकटा भाऊ असाच गेला. मुंज झाली, आणि सोडमुंजीआधींच तापानें गेला. नऊ वर्षांचा होता. लोक म्हणत, तो विहिरीजवळच्या पिंपळाखालीं दिसतो. आई रोज तिन्हीसांजेला तेथें दिवा घेऊन जाई. लोकांस वाटे, भीतीनें जाते. ती जाई तो दिसावा म्हणून."

असा एक मुलगा आमच्या घराण्यांत होऊन गेला, हें आम्हांपैकीं कोणासही ठाऊक नव्हतें. वडिलांच्या तोंडून आम्हीं त्याचें नांव कधींही ऐकलें नव्हतें.

त्या रात्रीं आम्हांस आपल्या भुतांचीं नांवें निराळ्या रीतीनें समजलीं. मुंजा म्हणजे सोडमुंजीपूर्वीं गेलेला बटु. आळवंत म्हणजे बाळंतपणांत गेलेली स्त्री. समंध म्हणजे मागें उत्तरक्रियेस कोणी न ठेवतां गेलेला पुरुष. ज्या घरांत माजघरांतलें दुःख ओसरीवर आणावयाची सोय नव्हती, त्या घरानें तें पिंपळावर नेऊन ठेवलें, आणि गोष्टीच्या निमित्तानें त्याची आठवण काढली.

येथें कोणी म्हणेल, यानें अंधश्रद्धा वाढेल. शंका अगदींच अस्थानीं नाहीं. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २०१३ सालीं हत्या झाली, त्यानंतर त्याच वर्षीं महाराष्ट्रांत जादूटोणाविरोधी कायदा झाला. भुताच्या नांवावर लोकांस नाडणारे भोंदू होते आणि आहेत. परंतु मांत्रिक भीति विकतो आणि ती गिऱ्हाइकाच्या घरांत कायमची ठेवून जातो. गोष्ट घटकाभर भीति देते आणि संपतांना परत घेते. आमच्या अंबरनाथचें शिवमंदिर पांडवांनीं एका रात्रींत बांधलें, असें येथें सांगतात. तेथील शिलालेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा, शिलाहार राजा मुम्मुणि याच्या वेळचा आहे. शिलालेख कळल्यानें कथेची गोडी उणावत नाहीं, आणि कथेमुळें शिलालेख खोटा ठरत नाहीं. मुलांस दोहोंतील भेद मात्र वेळीं सांगितला पाहिजे.

म्हणून वाचकहो, आमची एक सूचना आहे. गाडींत एकट्यानें खुशाल ऐकावें. पण आठवड्यांतून एकदां तरी रात्रींच्या जेवणानंतर इअरफोन बाजूस ठेवून मोबाइल सर्वांच्या मध्यें ठेवावा. फार लहान मुलांस आधीं निजवावें, निदान मांडीवर घ्यावें. आणि गोष्ट संपल्यावर लगेच दिवा लावून उठूं नये. घरांतील वडील माणसांस कांहीं बोलावयाचें असेल तर तें त्या थोड्या वेळांतच बोललें जातें. बदलापूरच्या जुन्या वाड्यांतील आजीपाशीं किंवा १९४९ त वसलेल्या उल्हासनगरांत सिंधमधून येऊन राहिलेल्या वृद्धांपाशीं असें काय काय सांचलें असेल, तें विचारल्यावांचून कळावयाचें नाहीं.

त्या रात्रीं आमच्या घरांतील सर्वांत धाकट्यानें पांघरुणांतून डोकें काढून विचारलें, "आत्याआजी, मुंजा खरा असतो का ग?"

आत्याबाईंनीं त्याच्या डोक्यावरून हात फिरविला आणि म्हणाल्या, "मुंजा खरा नसतो रे बाळा. माझा भाऊ मात्र खरा होता."