पंधरा अंकांचा दाखला

उमरखेडसारख्या तालुक्याच्या गावी मोबाइल फोन घ्यावयास निघालेल्या माणसाला एकाच वस्तूच्या दोन किमती ऐकू येतात. एक बिलासह आणि दुसरी बिलाविना. दुसरी सांगताना ‘इम्पोर्टेड पीस आहे’ अशी पुस्ती जोडली जाते, आणि हा शब्द गिऱ्हाइकाच्या कानाला आजही गोड लागतो. मुंबईच्या मनीष मार्केटात चोरट्या आयातीचा माल शोधत लोक हिंडत, त्या काळातली ही गोडी आहे. आयातबंदीचे ते युग केव्हाच संपले. गोडी मात्र उरली.

वस्तुतः बिनाबिलाचा फोन बनावट असतोच असे नाही. पुष्कळदा तो अस्सल असतो, आणि मोह पडतो तो त्यामुळेच. त्याच्या स्वस्ताईचे रहस्य करात आहे. १ एप्रिल २०२० पासून मोबाइलवरील वस्तू व सेवा कर १२ वरून १८ टक्के झाला. आयात फोनवरील मूळ सीमाशुल्क २०१८ साली २० टक्के करण्यात आले. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने ते १५ वर आणले. म्हणजे आजही १०० रुपयांच्या आयात फोनवर ३५ रुपयांहून अधिक कर चढतो. जो तो चुकवितो, त्याला गिऱ्हाइकास चार पैसे सोडणे जड नाही. शुल्क उतरविले हे सरकारने योग्यच केले, कारण चोरवाट रुंद होते ती कराच्या फरकानेच.

गरिबाला स्वस्तात मिळाले तर बिघडले कुठे, असा प्रश्न सुज्ञ माणसेही विचारतात. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले, की मालाचा खरेपणा विकणाऱ्यालाच ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही अशी स्थिती असली, की खोटा माल खऱ्याला हुसकून लावतो. आपल्याकडे हुसकला जातो तो पक्के बिल देणारा दुकानदार. ग्राहकाचे नुकसान उशिरा कळते. अनेक कंपन्यांची हमी देशापुरतीच असते; फोन बिघडला की सेवाकेंद्र हात वर करते, आणि सोयाबीनच्या पैशातून घेतलेली वस्तू कपाटात पडून राहते.

कुलूपबंद फोनची गोष्ट निराळी. आपल्याकडे २००३ मध्ये रिलायन्सने ‘मान्सून हंगामा’ योजनेत ५०१ रुपयांत फोन हाती दिला, तो त्याच कंपनीच्या सेवेला जखडलेला होता. २०१७ चा जिओफोनही तसाच. पण ती अट सर्वांना ठाऊक होती. आज असे कुलूप येते ते परदेशातून. अमेरिकेत सेवाकंपन्या हप्त्यावर दिलेला फोन आपल्या सेवेपुरता बांधून ठेवतात. कॅनडाने २०१७ च्या डिसेंबरपासून आणि ब्रिटनने २०२१ च्या डिसेंबरपासून असे फोन विकण्यास मनाई केली. अमेरिकेतल्या भाच्याने प्रेमाने आणलेल्या फोनमध्ये येथले सिम चालेलच असे म्हणून नये. आयफोन असेल तर सेटिंगमधील माहितीच्या पानावर ‘कॅरिअर लॉक’ची ओळ पाहावी, शिवाय अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनना २०२२ च्या चौदाव्या मालिकेपासून सिमची खाचच नाही. गंमत अशी, की आयफोन आता भारतात जुळवून अमेरिकेला पाठविले जातात. तेव्हा ‘भारतात निर्मित’ ही अक्षरेसुद्धा तो नग येथल्या विक्रीसाठी होता याचा पुरावा ठरत नाहीत.

मग पुरावा कोणता? स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश ही कळ दाबताच पडद्यावर १५ अंकी आयएमईआय क्रमांक उमटतो. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. तो खोक्यावरील आणि बिलावरील क्रमांकाशी जुळला पाहिजे. खोक्यावर आयातदाराचे वा उत्पादकाचे नाव-पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असणे कायद्याने आवश्यक आहे. नंतर ‘केवायएम’ ही तीन इंग्रजी अक्षरे, मध्ये जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवावा. चोरीचे फोन बंद करणाऱ्या ज्या केंद्रीय नोंदवहीशी ही सोय जोडलेली आहे, तिचा प्रयोग सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातच सुरू झाला आणि मे २०२३ मध्ये ती देशभर लागू झाली.

प्रस्तुत लेखकाचा आक्षेप आहे तो या उत्तरावर. कंपनी, मॉडेल आणि क्रमांकाची वैधता एवढेच ते सांगते. हा नग भारतात विक्रीसाठी नोंदला गेला होता काय, याविषयी ते मौन पाळते. वास्तविक १ जानेवारी २०२३ पासून येथे बनलेल्या प्रत्येक फोनचा क्रमांक पहिल्या विक्रीपूर्वी, आणि आयात होणाऱ्याचा आयातीपूर्वी, सरकारकडे नोंदविणे बंधनकारक आहे. म्हणजे माहिती सरकारच्या दप्तरी आहे, आणि ती ज्याला हवी त्यालाच मिळत नाही.

नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस सरकारने प्रत्येक नव्या फोनमध्ये आपले ॲप आधीच घालण्याचा आदेश काढला आणि खासगीपणावरून ओरड होताच काही दिवसांतच तो मागे घेतला. इथे तशी सक्ती नको. भाच्याने आणलेला फोन बंद पाडण्याचेही कारण नाही. उत्तराच्या संदेशात एक ओळ वाढवावी: ‘भारतात विक्रीसाठी नोंद आहे’ किंवा ‘नाही’. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने बिल न देणे ही अनुचित प्रथा ठरविली आहे आणि राहत्या जिल्ह्यातच तक्रार नोंदविण्याची मुभा दिली आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही. पण बिनाबिलाने फोन घेणारा यवतमाळच्या आयोगापुढे कोणता कागद ठेवणार? ती ओळ त्याला पैसे मोजण्यापूर्वी, दुकानाच्या काउंटरवरच वाचता आली पाहिजे.